नंबर पोर्ट करण्याआधी फोन तपासा : प्रीपेड कंपनी बदलण्याची क्रमवार पद्धत

"कालच पोर्ट केलं, पण घरात रेंजच येत नाही. परत जुन्या कंपनीत टाकून द्या."

असं म्हणत येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं की आता ९० दिवस थांबा. एकदा नंबर पोर्ट झाला, म्हणजे तोच नंबर ठेवून कंपनी बदलली, की नव्या कंपनीत ९० दिवस काढल्याशिवाय पुढचा पोर्ट कोड मिळत नाही. दहा मिनिटांच्या तपासणीचा कंटाळा केला, तर तीन महिने गच्चीवर उभं राहून बोलायचं.

बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी स्वस्त पॅक दिसतो, मग पोर्टचा मेसेज जातो, मग सिम येतं, आणि सगळ्यात शेवटी कळतं की आपल्या फोनला ते नेटवर्क नीट पकडताच येत नाही. जुलै २०२४ मध्ये जिओ, एअरटेल आणि व्हीआय या तिन्ही कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा बीएसएनएलचं सिम घ्यायला दुकानांपुढे गर्दी झाली होती. फोनला कोणते बँड (नेटवर्कच्या लहरींचे पट्टे) चालतात हे बघून रांगेत उभे राहिलेले त्यात थोडेच.

खालचा क्रम मोडू नका. आधी जागा, मग फोन, मग पॅक, मग जुन्या सिमची आवराआवर, आणि पोर्टचा मेसेज त्यानंतर.

टप्पा १ : रेंज नक्की कुठे हवी ते ठरवा

तीन जागा कागदावर लिहा. रात्री झोपता ती खोली, दिवसभर काम करता ती जागा, आणि वर्षातून चार-सहा वेळा जाता ते गाव. तिसरी जागा लोक हमखास विसरतात. पुण्यात बसून पोर्ट करायचं, आणि गणपतीला कोकणातल्या वाडीवर पोचल्यावर फोन खिशातलं घड्याळ होतो.

दुकानदाराला "इथे कुणाची रेंज चांगली?" असं विचारलं तर तो बाजारपेठेतली रेंज सांगणार. चिपळूणच्या बाजारात जे चालतं ते दोन डोंगरांच्या बेचक्यातल्या घरात चालेलच असं नाही. कंपन्यांच्या वेबसाइटवर आता कव्हरेजचे नकाशे असतात. ते द्यायलाच हवेत असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा, २०२४ चा नियम आहे. ते जरूर बघा, पण नकाशा उघड्यावरची रेंज दाखवतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंतीआड किंवा सातमजली इमारतीच्या तळमजल्यावर काय होतं, ते त्याला ठाऊक नसतं.

खरी परीक्षा एकच. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम शेजाऱ्याकडून किंवा पाहुण्याकडून अर्ध्या तासासाठी मागून घ्या आणि आपल्या फोनमध्ये घाला. पाहुण्याच्या फोनवर रेंज बघून काही सिद्ध होत नाही, कारण त्याचा फोन वेगळा, त्याचे बँड वेगळे. सिम घातल्यावर खोलीच्या मधोमध बसून दोन मिनिटं बोला. रात्री नऊच्या सुमारास व्हिडिओ लावून बघा. दुपारी अकराला सगळीच नेटवर्क गुणी असतात.

सिम देणारं कुणी नसेल तर त्या कंपनीचं एक नवं सिम सगळ्यात छोट्या पॅकवर घ्या आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये महिनाभर वापरा. पैसे जातात, पण ९० दिवस अडकण्यापेक्षा स्वस्त. एका व्यक्तीच्या नावावर देशभरात मिळून जास्तीत जास्त ९ कनेक्शन चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येत ६), त्यामुळे उगाच सिमं साठवू नका.

*तपासा :* तिन्ही जागांपैकी निदान दोन ठिकाणी आपल्या फोनवर प्रत्यक्ष कॉल लागला का? नसेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

टप्पा २ : फोन त्या कंपनीशी जुळतो का

एखाद्या जागी सिम चाललं म्हणजे फोन पूर्ण जुळला असं होत नाही. इथे पाच गोष्टी बघायच्या, आणि घाई करायची नाही.

२.१ फोन कोणत्या पिढीचा

जिओकडे २जी आणि ३जी मुळातच नाही. तिचं नेटवर्क फक्त ४जी आणि ५जीचं, आणि साधा कॉलसुद्धा ४जीवरूनच जातो. त्याला व्होल्टे म्हणतात. त्यामुळे आजोबांच्या जुन्या बटणांच्या २जी फोनमध्ये जिओचं सिम घातलं तर सिम खराब नसतं, फोनही खराब नसतो, दोघांची भाषाच वेगळी असते. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल यांचं २जी अजून चालू आहे, तिथे असा फोन बोलण्यापुरता चालतो.

मधल्या काळातले ३जी स्मार्टफोन सगळ्यात फसवे. दिसायला स्मार्ट, पण ४जी नाही. एअरटेलने ३जी २०२० मध्येच बंद केलं, त्यामुळे असा फोन तिथे थेट २जीवर येतो. कॉल लागेल, नेट मुंगीच्या पावलांनी चालेल.

२.२ फोन कुलूपबंद आहे का

भारतात विकले जाणारे बहुतेक फोन कोणत्याही कंपनीचं सिम घेतात. ठळक अपवाद म्हणजे जिओफोन आणि जिओभारत. या फोनमध्ये फक्त जिओचंच सिम चालतं. नंबर जिओतून बाहेर नेला की हा फोन कपाटात. उलट बाजूही लक्षात ठेवा : या फोनांसाठीचे खास स्वस्त पॅक त्याच फोनवर चालतात, तेच सिम दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये घालून तो दर मिळत नाही.

दुसरं कुलूप परदेशातून येतं. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने पाठवलेला फोन तिथल्या कंपनीकडून हप्त्यावर घेतलेला असेल तर तो बऱ्याचदा त्या कंपनीला बांधलेला असतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट इथे जाऊन कॅरिअर लॉक ही ओळ बघा. तिथे सिमवर कोणतंही बंधन नाही असं लिहिलेलं हवं. नसेल तर कुलूप तिथली कंपनीच उघडू शकते, आणि ती खातेदाराशीच बोलते. म्हणून हे काम विमानात बसण्याआधी तिथेच उरकून घ्यायला सांगा. "अनलॉक करून देतो" म्हणणाऱ्या गल्लीतल्या दुकानात असा फोन ठेवून येऊ नका.

अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांना सिमचा ट्रेच नसतो. त्यांना ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच असलेलं, प्लास्टिकशिवायचं सिम लागतं. पोर्टचा अर्ज भरतानाच "ई-सिम हवं" असं सांगावं लागतं. प्लास्टिकचं सिम घेऊन घरी आलात तर ते घालायला जागा शोधत बसाल.

२.३ बँड

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण अर्ध्या तक्रारींचं मूळ इथेच सापडतं.

प्रत्येक कंपनी ठरावीक लहरींवर नेटवर्क पाठवते. त्या लहरींच्या पट्ट्याला बँड म्हणतात आणि त्याला क्रमांक असतो. फोनमध्ये तो बँड नसेल तर टॉवर डोक्यावर उभा असला तरी फोनच्या दृष्टीने तो नाहीच. ४जीचं चित्र ढोबळमानाने असं :

- जिओ : बँड ३ (१८०० मेगाहर्ट्झ), ५ (८५०) आणि ४० (२३००)
- एअरटेल : मुख्यतः १ (२१००), ३, ८ (९००) आणि ४०
- व्हीआय : मुख्यतः १, ३, ८ आणि ४१ (२५००)
- बीएसएनएल : मुख्यतः २८ (७००) आणि १

आकडा जितका लहान मेगाहर्ट्झचा, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. म्हणून जिओसाठी बँड ५, एअरटेल-व्हीआयसाठी बँड ८ आणि बीएसएनएलसाठी बँड २८ हे खेड्यात आणि घराच्या आतल्या खोलीत कामाला येतात. २३०० आणि २५००चे बँड शहरात वेग देतात, पण दोन भिंतींनंतर दमतात.

आता गोम इथे आहे. काही वर्षांपूर्वीचे पुष्कळ स्वस्त फोन १, ३, ५, ८, ४०, ४१ एवढेच बँड घेऊन आले. जिओ, एअरटेल, व्हीआयला ते पुरेसे आहेत. बीएसएनएलचं बँड २८ त्यात नाही. असा फोन बँड १ चालू असलेल्या टॉवरखाली ४जी दाखवेल, आणि जिथे फक्त ७०० वर ४जी आहे तिथे २जीवर घसरेल. शेजाऱ्याच्या नव्या फोनवर मात्र त्याच ओसरीत सगळं छान. मग माणूस कंपनीला शिव्या घालतो.

आपल्या फोनचे बँड शोधायचे असे. सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" या भागात मॉडेल नंबर असतो, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. तो पूर्ण लिहून घ्या. मग कंपनीच्या वेबसाइटवर त्या मॉडेल नंबरचं पान उघडून नेटवर्कच्या रकान्यात ४जीचे बँड वाचा. खोका जपून ठेवला असेल तर कधी कधी तिथेही छापलेले असतात.

*इशारा :* नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच नावाचा फोन भारतात, चीनमध्ये आणि युरोपात वेगवेगळ्या बँडांसह विकला जातो. दुबईहून आलेल्या फोनचं नाव तेच, मॉडेल नंबर वेगळा, आणि फरक त्या शेवटच्या अक्षरातच असू शकतो.

२.४ व्होल्टे

फोनमध्ये ४जी आहे म्हणजे व्होल्टे आहेच असं नाही. व्होल्टे नसलेल्या ४जी फोनवर जिओचं नेट चालेल, पण फोनच्या नेहमीच्या डायलरवरून कॉल लागणार नाही. बाकी कंपन्यांवर असा फोन कॉल येताच २जीवर उतरतो. "फोन आला की नेट बंद पडतं" ही तक्रार ऐकलीत की समजा, व्होल्टे एक तर नाही किंवा बंद आहे.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मोबाइल नेटवर्क, मग त्या सिमचं नाव असं आत गेलं की व्होल्टेचं बटण दिसतं. काही फोनमध्ये हे बटण एका कंपनीच्या सिमला दिसतं आणि दुसऱ्याच्या सिमला गायब होतं, कारण फोन बनवणाऱ्याने कोणत्या कंपनीचं व्होल्टे चालू ठेवलंय यावर ते अवलंबून असतं. म्हणूनच उसनं सिम आपल्याच फोनमध्ये घालून बघायचं. सिम घातल्यावर एक कॉल लावा आणि कॉल चालू असताना वरच्या पट्टीत ४जी किंवा व्होल्टेचं चिन्ह टिकतं का बघा. टिकलं तर उत्तम. २जीचं ई आलं तर सॉफ्टवेअर अपडेट करून पुन्हा बघा.

२.५ स्लॉट आणि ५जी

जुन्या दोन सिमच्या फोनांत एकच स्लॉट ४जीचा आणि दुसरा फक्त २जीचा असे. जिओचं सिम चुकून दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की मेलेलंच. आधी स्लॉट बदलून बघा, मग तक्रार करा.

५जीसाठी पोर्ट करत असाल तर एवढं लक्षात ठेवा : जिओचं ५जी स्वतंत्र ५जी नेटवर्कवर चालतं आणि त्यात एन २८ व एन ७८ हे बँड येतात. एअरटेलने ५जी सुरू केलं ते ४जीच्या आधाराने. सुरुवातीच्या काही ५जी फोनांत दोन्ही पद्धती नव्हत्या किंवा अपडेटने आल्या. ४जी सिम असेल तर ५जीसाठी नवं सिम घ्यावं लागत नाही. तसं सांगून पैसे मागणाऱ्याला नमस्कार करा. आणि गावात ५जी टॉवरच नसेल तर हा सगळा परिच्छेद विसरलात तरी चालेल.

*तपासा :* पिढी, कुलूप, बँड, व्होल्टे, स्लॉट. पाचही बरोबर? सेकंडहँड फोन असेल तर आणखी एक गोष्ट. स्टार, हॅश, ०६, हॅश दाबून आलेला १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख) क्रमांक लिहा, आणि इंग्रजीत केवायएम, एक मोकळी जागा, मग तो क्रमांक असा मेसेज १४४२२ वर पाठवा. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन कोणत्याच कंपनीवर चालत नाही.

टप्पा ३ : पॅकची किंमत दिवसावर मोजा

२८ दिवसांचा पॅक म्हणजे महिना नव्हे. वर्षात तो १३ वेळा भरावा लागतो. समजा पॅक ३०० रुपयांचा आहे. लोक बारा महिने धरून ३६०० म्हणतात, खर्च होतो ३९००. म्हणून सरळ किंमत भागिले दिवस करा : ३०० भागिले २८ म्हणजे दिवसाला १० रुपये ७१ पैसे. दुसरा पॅक ८४ दिवसांचा ८६० रुपयांना असेल तर दिवसाला १० रुपये २४ पैसे. आता दोन्ही एका तराजूत आले. (हे आकडे हिशेबासाठी घेतलेत. खरे दर कंपनीच्या अ‍ॅपवर त्या दिवशी बघा, ते सारखे बदलतात.)

तारखेचा घोळ नको असेल तर ट्रायच्या २०२२ च्या नियमानुसार प्रत्येक कंपनीला ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला भरता येईल असा पॅक ठेवावाच लागतो. दुकानदार तो आपणहून दाखवत नाही. मागा.

घरात नुसतं बोलण्यापुरता फोन वापरणारी आजी असेल तर तिच्यावर रोजचा डेटा लादू नका. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं बंधनकारक केलं, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली. हे पॅक अ‍ॅपमध्ये तळाला कुठेतरी असतात, खाली सरकत राहा.

दोन नेहमीच्या चुका. एक, डेटाचा छोटा अ‍ॅडऑन भरला म्हणजे नंबर चालू राहतो असं समजणं. अशा बहुतेक अ‍ॅडऑनला मुख्य पॅक जिवंत लागतो. मुदत संपल्यावर भरलेला अ‍ॅडऑन म्हणजे उंबऱ्याबाहेर ठेवलेला दिवा. दोन, "अनलिमिटेड ५जी" प्रत्येक पॅकवर मिळतं असं धरून चालणं. ते साधारण दिवसाला २ जीबी आणि त्यावरच्या पॅकवर असतं. पॅकखालची बारीक अक्षरं वाचा.

टप्पा ४ : जुन्या सिमची आवराआवर

पोर्ट होताच जुन्या सिमवरचा उरलेला टॉकटाइम, उरलेले दिवस, रांगेत टाकून ठेवलेला पुढचा पॅक, हे सगळं बुडतं. परत मिळत नाही आणि नव्या कंपनीत जातही नाही. म्हणून वार्षिक पॅक भरून दुसऱ्या महिन्यात पोर्ट करू नका. सध्याच्या पॅकचे सात-आठ दिवस उरले की सुरुवात करायची, ही वेळ सगळ्यात बरी. मुदत पूर्ण संपेपर्यंत थांबायचं मात्र नाही.

मग या गोष्टी उरका :

- सिमवर साठवलेले नंबर फोनमध्ये किंवा गुगल खात्यात उतरवा. आईवडिलांच्या फोनमध्ये अर्धे नंबर सिमवरच असतात.
- यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन रिचार्जचा ऑटोपे बंद करा.
- सिम कुणाच्या नावावर आहे ते बघा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरचे नंबर दिसतात.

शेवटच्या मुद्द्यावर काम जास्त अडतं. आईचा नंबर वारलेल्या वडिलांच्या नावावर, मुलाचा काकांच्या नावावर, हे घराघरांत आहे. पोर्ट करताना मालकाचं नाव बदलता येत नाही. आधी सध्याच्या कंपनीत कागद देऊन नाव बदलून घ्या, ते पूर्ण झालं की मग पोर्ट. नावबदलाचा अर्ज चालू असताना कोड मिळत नाही. ऑफिसने दिलेला नंबर असेल तर ऑफिसचं परवानगीपत्र लागतं.

*इशारा :* पोर्टआधी "सिम जुनं झालंय, नवं करून घेऊ" असं करू नका. त्याच कंपनीत सिम बदललं की जुलै २०२४ पासूनच्या नियमाने ७ दिवस पोर्ट कोड मिळत नाही. शिवाय नव्या सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, म्हणजे कोडचा मेसेजही नाही आणि बँकेचा ओटीपीही नाही.

टप्पा ५ : कोड मागवा

आता मेसेज. इंग्रजी कॅपिटल अक्षरांत पोर्ट हा शब्द, एक मोकळी जागा, मग आपला १० अंकी नंबर. पाठवायचा १९०० वर, आणि त्याच सिमवरून. दोन सिमच्या फोनमध्ये मेसेज भलत्याच सिमवरून जातो आणि लोक तासभर कोडची वाट बघत बसतात. पॅकमध्ये एसएमएस नसले तरी हा मेसेज जाऊ द्यायलाच हवा, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. मुदत संपू द्यायची नाही, एवढं आपण बघायचं.

पात्र असाल तर आठ अक्षर-अंकांचा यूपीसी कोड, म्हणजेच पोर्ट कोड, येतो. नसाल तर कारण येतं : ९० दिवस झाले नाहीत, पोस्टपेडचं बिल बाकी आहे, नावबदल चालू आहे, वगैरे. कारण वाचा, तेवढंच दुरुस्त करा. पुन्हा पुन्हा मेसेज पाठवून उत्तर बदलत नाही.

कोड ४ दिवस चालतो. म्हणून तो हौस म्हणून मागवून ठेवायचा नाही. सिम घ्यायला जाणार त्या सकाळी मागवा.

*इशारा :* हा कोड म्हणजे नंबराची किल्ली. "५जी करून देतो, आलेला मेसेज वाचून दाखवा" असा फोन आला तर ठेवून द्या. पैसे गेलेच तर क्षणभर न थांबता १९३० वर सायबर हेल्पलाइनला कळवा.

कोड मागवला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. खास ऑफर, जादा डेटा, "साहेब, का सोडून चाललात". ऑफर खरंच पटली तर कोड वापरू नका, तो आपोआप संपेल. पण जुन्या कंपनीची रेंज नाही म्हणून निघाला असाल तर जादा डेटाने रेंज येत नाही, हे तेव्हा आठवू द्या.

टप्पा ६ : दुकानात

आधार, नंबर आणि कोड घेऊन जा. शक्यतो कंपनीच्या स्वतःच्या दुकानात जा, रस्त्यावरच्या छत्रीखाली नको. कोड तोंडी सांगू नका, फोनचा पडदा समोर धरा. एक अक्षर चुकलं की अर्ज फेटाळला जातो आणि दोन दिवस फुकट.

अंगठा एकदाच. "पहिला ठसा उमटला नाही, परत द्या" म्हणून दुसऱ्यांदा ठसा घेऊन आपल्या नावावर दुसरंच सिम काढण्याचे प्रकार झाले आहेत. दुसरा ठसा खरंच लागला तर घरी येऊन संचार साथीवर आपल्या नावावरचे नंबर आठवड्यात एकदा तपासा. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच "माझा नाही" असं नोंदवता येतं.

निघण्याआधी विचारायचं एवढंच : अर्ज प्रीपेडचाच भरलाय ना? पोर्ट करताना प्रीपेडचं पोस्टपेड करून देणारे चलाख लोक आहेत. पहिल्या महिन्याचं बिल आल्यावर कळतं.

विचार बदलला तर अर्ज दिल्यापासून २४ तासांत इंग्रजीत कॅन्सल, जागा, आणि आपला नंबर असा मेसेज १९०० वर पाठवून माघार घेता येते. त्यानंतर नाही.

टप्पा ७ : सिम बदलायची वेळ

एकाच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस, दुसऱ्या सर्कलमध्ये किंवा कंपनीच्या नावावरच्या नंबरला ५. सर्कल म्हणजे मोबाइल सेवेचा विभाग, राज्य नव्हे, हे ध्यानात ठेवा. मुंबई हे वेगळं सर्कल आहे आणि त्यात नवी मुंबई, ठाणे येतात. उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. ठाण्यात घेतलेला नंबर कोल्हापुरात पोर्ट करायला दिला तर तो पाच दिवसांच्या रांगेत जातो. रविवार आणि सुट्ट्या धरत नाहीत, त्यामुळे दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी अर्ज देऊन सोमवारी सिमची वाट बघू नका.

तारीख आणि वेळ मेसेजने कळते. बहुतेकदा रात्रीची असते. तोवर जुनंच सिम फोनमध्ये ठेवा. नवं सिम लगेच घालून "चालत नाही" म्हणणारे रोज भेटतात. जुन्या सिमची रेंज गेली की नवं घाला आणि फोन बंद करून चालू करा. मध्ये काही काळ, जास्तीत जास्त ४ तास, दोन्ही मृत असू शकतात. त्या रात्री रेल्वेचं तिकीट काढायचं किंवा दवाखान्यातल्या माणसाचा फोन यायचा असेल तर आधीच कुणाचा तरी दुसरा नंबर देऊन ठेवा.

टप्पा ८ : पहिले दोन दिवस

नवा पॅक भरा, नंबर पोर्ट झाला म्हणजे पॅक आपोआप लागत नाही. मग :

- नेट चालत नसेल तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये एपीएन (नेट जोडण्यासाठी लागणारं कंपनीचं नाव) बघा. जिओसाठी जिओनेट, बीएसएनएलसाठी बीएसएनएलनेट, इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. एअरटेलसाठी एअरटेलजीपीआरएस आणि पुढे डॉट कॉम. जुन्या कंपनीचा एपीएन अडकून बसला असेल तर "डीफॉल्टवर आणा" दाबा.
- नेटवर्कचा प्रकार ४जी किंवा ५जी "ऑटो"वर ठेवा आणि व्होल्टे चालू करा. नवं सिम घातल्यावर हे बटण पुष्कळदा बंद अवस्थेत असतं.
- चार कंपन्यांच्या चार लोकांना फोन करायला सांगा. एखाद्याच कंपनीवरून कॉल लागत नसेल तर त्या कंपनीची नोंद अजून बदललेली नाही. दिवसभरात सुधारलं नाही तर नव्या कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या.
- यूपीआय अ‍ॅप सिम बदलल्याचं ओळखून पुन्हा नोंदणी मागतं. डेबिट कार्ड किंवा आधार हाताशी ठेवा.

बँकेत, आधार केंद्रात किंवा गॅस एजन्सीत जायची गरज नाही. नंबर तोच आहे, फक्त टॉवर बदललाय. व्हॉट्सअ‍ॅपला तर कळतसुद्धा नाही.

जुनं सिम दोन दिवस जपून ठेवा, मग कात्रीने कापून टाका. आणि पोर्ट झाल्याची तारीख घरातल्या कालनिर्णयावर लिहा, तिथून ९० दिवस मोजून येईल त्या पानावर दुसरी खूण करा.